मुंबई विमानतळावरून डोंबिवली आणि रत्नागिरी: ॲप-टॅक्सी न करता कसे जावे?

वऱ्हाडी_पाहुणा

नमस्कार मंडळी,

आई-बाबा (६६ आणि ७१) येत्या शुक्रवारी नागपूरहून मुंबईला येताहेत. विमान संध्याकाळी ७.१० ला उतरते. तिथून डोंबिवली पूर्वेला जायचे आहे. सोबत चाकांच्या दोन मोठ्या बॅगा आणि संत्र्यांची एक पेटी (ती नको म्हणून सांगून झाले, येणारच आहे). चालणे दोघांचेही ठीक आहे, आईला फक्त जिने नकोत. बाबांना यूपीआय जमते, ॲपवरून गाडी मागवणे जमत नाही.

दुसरे असे की त्याच रात्री, म्हणजे तारखेने शनिवारी, पहाटे दीडला बहीण, भावजी आणि दोन मुले दुबईहून उतरतात. त्यांना रत्नागिरीला जायचे आहे. कोकणातली वंदे भारत सकाळी ५.२५ ला सीएसएमटीहून सुटते, तिची तिकिटे काढून ठेवली आहेत.

नवी भुयारी मेट्रो विमानतळावरूनच सुटते असे ऐकतो. ती या दोघांच्याही कामाची आहे का? कुठे बदलायचे, किती वेळ धरायचा, कुठे फसायला होते, एवढे नीट सांगा.

मीटरडाऊन

आधी तिकीट काढून टर्मिनल बघा, बाकीचे नंतर. मुंबईत टी१ म्हणजे जुने लोक ज्याला सांताक्रूझ म्हणतात ते, आणि टी२ म्हणजे सहार. धावपट्ट्या दोन्हींना सामायिक असल्या तरी दोन्हींची दारे रस्त्याने चार-पाच किलोमीटर लांब आहेत. आंतरराष्ट्रीय विमान टी२ लाच येते, पण देशांतर्गत विमान दोन्हींपैकी कुठेही येऊ शकते. एकाच कंपनीची सकाळची फेरी एका टर्मिनलला आणि संध्याकाळची दुसऱ्या, असेही असते.

आता तिसरी भानगड म्हणजे नवी मुंबईचा विमानतळ. तिकिटावर विमानतळाचा कोड बीओएम असेल तर हा धागा तुमच्या कामाचा. एनएमआय असेल तर विमान उलव्याला उतरते आणि इथले काहीही लागू होत नाही.

वऱ्हाडी_पाहुणा

बीओएम, टी२. दोन्ही विमानांचे.

ॲक्वा_लाइन

मग सोपे आहे. मेट्रो ३ ही आरे ते कफ परेड अशी ३३.५ किलोमीटरची मार्गिका, २७ स्टेशने. तीन टप्प्यांत सुरू झाली: ऑक्टोबर २०२४ मध्ये बीकेसी म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलापर्यंत, मे २०२५ मध्ये वरळीच्या आचार्य अत्रे चौकापर्यंत आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत. इंटरनेटवरची बरीच माहिती पहिल्या टप्प्याच्या वेळची आहे. 'बीकेसीला उतरून टॅक्सी करा' असे कुठे वाचलेत तर पुढे वाचू नका.

टी२ ला स्वतःचे स्टेशन आहे. आगमनातून बाहेर आलात की टॅक्सीवाल्यांच्या घोळक्यात न थांबता मेट्रोच्या पाट्या धरा. स्टेशन अगदी दाराला लागून नाही. लिफ्टने खाली, मग थोडे चालणे, मग पुन्हा खाली. बॅगा आणि वडीलधारी माणसे असतील तर दहा मिनिटे हातात ठेवा. विमानतळाची ट्रॉली स्टेशनात नेता येत नाही. बॅगा, पेटी सगळे तपासणीच्या स्कॅनरवर उचलून ठेवावे लागते. संत्र्यांच्या पेटीला सुतळी बांधा, पकडायला बरे पडते.

तिकीट तीन प्रकारे निघते. खिडकीवर रोख किंवा यूपीआय देऊन क्यूआरचा कागद, मोबाइलवर क्यूआर, नाहीतर एनसीएमसी, म्हणजे मेट्रो-बसला चालणारे प्रीपेड कार्ड. मोबाइलवर काढणार असाल तर खाली उतरण्याआधी काढा आणि स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. भुयारात रेंजवर भिस्त ठेवायची नाही. क्यूआरचा कागद बाहेर पडतानाही लागतो, तो चोळामोळा करून खिशात कोंबला की गेट वाचत नाही. भाडे १० पासून, या टोकापासून त्या टोकापर्यंत ७० रुपये.

गाड्या सकाळी सहाच्या सुमाराला सुरू होतात, रात्री साडेदहाला शेवटची सुटते. म्हणजे बहिणीला मेट्रोचा उपयोग शून्य. आई-बाबांना आहे.

डोंबिवलीसाठी: टी२ वरून आरेच्या दिशेने एकच स्टेशन, मरोळ नाका. तिथे मेट्रो १ (वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर) पकडून शेवटचे स्टेशन घाटकोपर. घाटकोपरला मेट्रोतून पुलावरून थेट रेल्वे स्टेशनात उतरता येते. तिथून कल्याणच्या दिशेची लोकल. विमानातून पाऊल बाहेर टाकल्यापासून दोन तासांत डोंबिवली.

सातवा_डबा

वर सांगितलेला रस्ता नकाशावर उत्तम आहे. शुक्रवारी रात्री पावणेनऊला घाटकोपरच्या फलाटावर दोन मोठ्या बॅगा, एक पेटी आणि एकाहत्तर वर्षांचा माणूस उभा करून बघा. काय होते?

घड्याळ लावून सांगतो. ७.१० ला विमान टेकले, पट्ट्यावरून बॅगा घेऊन बाहेर पडेपर्यंत ७.५०. मेट्रोच्या फलाटावर ८.०५. मरोळ नाक्याला पाच मिनिटांत पोचतात, पण तिथली अदलाबदल लहान नाही. मेट्रो ३ जमिनीच्या पोटात, मेट्रो १ खांबांवर. इतके सगळे वर चढायचे, तिकीट वेगळे, बॅगांची तपासणी पुन्हा. घाटकोपरची मेट्रो मिळायला ८.३०, घाटकोपरला ८.४५.

आणि त्या वेळी सीएसएमटीहून येणारी फास्ट गाडी दादर-कुर्ल्यालाच भरून आलेली असते. दारात लोक लटकलेले. गाडी थांबते वीस-तीस सेकंद. बाबा चढले आणि आई-पेटी फलाटावर, किंवा बॅग आत आणि दोघे बाहेर, यातले काहीतरी होणार. स्लो गाडीला गर्दी थोडी कमी, पण मोठ्या बॅगा घेऊन तिच्यातही शिरणे अवघडच.

माझे म्हणणे: उलट जा. टी२ वरून कफ परेडकडची मेट्रो घ्या आणि सरळ सीएसएमटीला उतरा. चाळीस मिनिटांच्या आसपास लागतात, कुठेही बदलायचे नाही, बसायला बहुधा मिळते कारण त्या वेळी दक्षिणेकडे जाणारे कमी. सीएसएमटीला ८.५०. तिथून कल्याण किंवा डोंबिवलीची फास्ट, तास-सव्वातास. घरी पोचायला घाटकोपरच्या मार्गापेक्षा पाऊण तास जास्त. पण सुटण्याच्या ठिकाणी चढतील, बॅगा नीट ठेवतील.

दुसरा फायदा आईंचा. सीएसएमटी हे शेवटचे स्टेशन, त्यामुळे सगळे फलाट एका पातळीवर, रुळांच्या टोकाशी. पूल नाही, जिना नाही. १ आणि २ हार्बरचे, ३ ते ७ मेन लाइनच्या लोकलचे, ८ च्या पुढे लांब पल्ल्याच्या गाड्या. बॅग ओढत सरळ फलाटावर जायचे.

ॲक्वा_लाइन

मान्य. एक भर. सीएसएमटी मेट्रोतून बाहेर पडताना कर्मचाऱ्याला 'रेल्वे स्टेशनकडे, लिफ्टने' एवढेच विचारायचे. चुकीच्या दाराने वर आलात तर रस्ता ओलांडायला जुना सबवे आणि त्याचे जिने वाट्याला येतात. तो सबवे संध्याकाळी वस्तू विकणाऱ्यांनी इतका भरलेला असतो की चाकाची बॅग ओढताच येत नाही, उचलूनच न्यावी लागते.

ठाणे_स्लो

सातवा_डबा यांनी 'सुटण्याच्या ठिकाणी चढतील' म्हटले आहे, त्यात एक मेख आहे. संध्याकाळी बरेच लोक मशीद, भायखळ्याहून उलटे सीएसएमटीला येतात आणि त्याच गाडीत बसून राहतात. गाडी फलाटाला लागते तेव्हा निम्म्या खिडक्या आधीच गेलेल्या. साडेआठ-नऊनंतर हे ओसरते, तरी धरून चाला.

म्हणून:

फलाटावर लागलेल्या गाडीत धावत शिरू नका. ती जाऊ द्या, पुढची ज्या फलाटावर लागणार तिथे जाऊन उभे राहा.

इंडिकेटरवर कल्याण किंवा डोंबिवली बघा. कर्जत, कसारा, बदलापूरच्या फास्ट गाड्या डोंबिवलीला थांबत असल्या तरी त्यांत दूरचे लोक बसलेले असतात आणि डोंबिवलीला उतरणाऱ्याने दाराशी यायला उशीर केला की उतरणे मुश्किल होते. फास्ट गाडी ठाण्यानंतर फार तर दिव्याला थांबते, नाहीतर एकदम डोंबिवली. ठाणे गेले की उठा, बॅगा दाराकडे सरकवा, 'डोंबिवली उतरणार का?' असे पुढच्याला विचारत राहा. तो नाही म्हणाला तर त्याच्या पुढे जा. ही विचारपूस म्हणजे उद्धटपणा नव्हे, लोकलची रीत आहे.

एसी लोकल मिळाली तर सर्वात छान. दारे आपोआप बंद होतात, लटकणारे नाहीत. पण तिच्या फेऱ्या मोजक्या आणि तिकीट वेगळे. साध्या तिकिटावर चढलात तर दंड.

तिकीट एटीव्हीएम यंत्रावर निघते. यंत्रापाशी तिकीट काढून देणारे मदतनीस बसलेले असतात, त्यांना 'डोंबिवली, दोन, सेकंड' सांगायचे. दुसऱ्या वर्गाचे माणशी पंधरा रुपयांच्या वर जात नाही.

मीटरडाऊन

रिक्षाचे कोणी बोललेच नाही. टी२ ते घाटकोपर सुमारे ७ किलोमीटर. १ फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाचे पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये, पुढे किलोमीटरला १७.१४. म्हणजे २६ अधिक साडेपाच गुणिले १७.१४, साधारण १२० रुपये. रात्री बारा ते पहाटे पाच सव्वापट. मीटरवर रुपये थेट दिसतात, दरपत्रकाचे कार्ड बघायची भानगड नाही. बसण्याआधी मीटर खाली झाला का बघा, 'साहेब, दोनशे द्या' ऐकू आले तर पुढची रिक्षा.

पण शुक्रवारी संध्याकाळी साकीनाका ओलांडून जायचे म्हणजे ७ किलोमीटरला तास लागू शकतो. त्यामुळे घाटकोपरसाठी नाही सांगणार. रिक्षा कामाची ती कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनससाठी आणि वांद्रे टर्मिनससाठी. या दोन ठिकाणांना मेट्रो ३ चा धड उपयोग नाही आणि दोन्ही रिक्षाच्या हद्दीत आहेत. वांद्रे आणि सायनच्या पुढे, म्हणजे शहरात, रिक्षाला परवानगी नाही. टी२ वरून कोणी रिक्षावाला 'दादरला सोडतो' म्हणाला तर तो सायनला उतरवून टॅक्सी दाखवणार.

पार्ले_स्लो_लोकल

शोधून इथे येणाऱ्यांसाठी टी१ चेही लिहून ठेवतो.

टी१ चे मेट्रो स्टेशन टर्मिनलच्या दारात नाही, हायवेच्या बाजूला आहे. सामान कमी असेल तर चालत, नाहीतर बाहेरच्या कर्मचाऱ्यांना मेट्रोच्या बसबद्दल विचारा. टी१ आणि टी२ च्या मध्ये सहार रोड हे एकच स्टेशन. त्यामुळे चुकीच्या टर्मिनलला आलात तर रस्त्याच्या कोंडीत सापडण्यापेक्षा मेट्रोने दोन स्टेशने जाणे हा दहा-वीस रुपयांचा इलाज आहे. पुढच्या विमानाचे तिकीट हातात असेल तर विमानतळाची बसही दोन्हींमध्ये फिरते, तिचे आधी विचारावे.

पश्चिम रेल्वे हवी असेल तर टी१ वरून विलेपार्ले पूर्व, जेमतेम दोन किलोमीटर, मीटरने ३५ रुपये. मात्र पार्ल्याला फास्ट गाड्या थांबत नाहीत. विरार-बोरिवलीसाठी अंधेरीला जाऊन फास्ट पकडावी. अंधेरीहून चर्चगेटला दुसऱ्या वर्गाचे तिकीट १० रुपये. इतके स्वस्त असूनही सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते नऊ बॅग घेऊन त्या वाटेला जाऊ नये. चर्चगेट, मरीन लाइन्स, काळबादेवी, गिरगाव, फोर्ट यांपैकी काहीही असेल तर मेट्रो ३.

आणि नावांचे दोन चकवे. मेट्रो ३ चे 'सांताक्रूझ' स्टेशन वाकोल्याकडे हायवेजवळ आहे, रेल्वेच्या सांताक्रूझपासून लांब. तसेच मेट्रो १ चे 'एअरपोर्ट रोड' हे नाव वाचून लोक तिथे उतरतात आणि टर्मिनल शोधत बसतात. तिथून टी२ चालत जाण्याइतके जवळ नाही. मेट्रो १ वरून विमानतळाला यायचे असेल तर मरोळ नाक्यालाच बदला.

दादरकर_पूर्व

बहिणीच्या कुटुंबाचे मी सांगतो, तिथे खरी गोम आहे.

मेट्रो बंद. लोकल रात्री साधारण एक ते पहाटे चार बंद. वंदे भारत सीएसएमटीहून ५.२५ ला. म्हणजे टॅक्सीशिवाय इलाज नाही, पण सीएसएमटीपर्यंत जायची काय गरज? ती गाडी दादर आणि ठाणे दोन्हीकडे थांबते. विमानतळावरून दादर सुमारे १४ किलोमीटर, रात्री रस्ता मोकळा, अर्ध्या तासात. काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे पहिल्या दीड किलोमीटरला ३१, पुढे २०.६६ प्रमाणे २८९ होतात, रात्रीचे सव्वापट धरले तर ३६० च्या आसपास. टी२ च्या प्रीपेड खिडकीचा दर याहून चढा असतो, पण चार माणसे आणि दुबईच्या बॅगा असताना रस्त्यावर उभे राहून घासाघीस करण्यापेक्षा पावती घेऊन बसलेले बरे. पावतीवर गाडीचा नंबर असतो, तो जुळवून बसा. पावतीचा भाग उतरल्यावर द्यायचा, चढताना नाही. तो हातातून गेला की चालकाला पैसे मिळाल्यासारखेच.

तिकिटावर चढण्याचे स्टेशन सीएसएमटी असेल तर मात्र आधी बघा. दादरहून चढायचे असेल तर चार्ट बनण्याआधी आयआरसीटीसीवर जाऊन बोर्डिंग पॉइंट दादर करून घ्या. बदलले नाही आणि जागा दुसऱ्याला गेली तर वाद घालून उपयोग नाही.

आता वेळ. दीडला विमान टेकले, इमिग्रेशन, बॅगा, कस्टम्स धरून अडीच ते पावणेतीन. तिथेच थांबा. पट्ट्याजवळ बाकडी आहेत, स्वच्छतागृह आहे, मुले झोपली तर झोपू द्या. एकदा इमारतीबाहेर पडलात की विमानाच्या तिकिटाशिवाय आत सोडत नाहीत, मग बाहेर डासांत बसा. चारला टॅक्सी, साडेचारला दादर.

चालकाला 'दादर स्टेशन' म्हणू नका, 'दादर पूर्व, स्वामीनारायण मंदिरासमोर' म्हणा. पश्चिमेला उतरवले तर तेवढ्या बॅगा घेऊन पूल ओलांडावा लागेल. दादरला पूर्वी दोन्ही रेल्वेंचे फलाट १ पासून वेगवेगळे मोजायचे, डिसेंबर २०२३ पासून एकच क्रम आहे: पश्चिम रेल्वेचे १ ते ७, मध्य रेल्वेचे ८ ते १४. तुमची गाडी मध्यची, म्हणजे ८ च्या पुढे. कोणी जुना माणूस 'पाच नंबरला येते' म्हणाला तर तो जुन्या हिशेबात बोलतोय. इंडिकेटर बघा.

आणखी एक. ही वंदे भारत शुक्रवारी नसते, पावसाळी वेळापत्रकात आठवड्यातून तीनच दिवस असते. तुमची शनिवारची आहे ते ठीक.

वऱ्हाडी_पाहुणा

बोर्डिंग पॉइंटचे अजिबात डोक्यात नव्हते, आत्ताच बदलतो. विमानाला दोन तास उशीर झाला तर? जनशताब्दी पकडता येईल का?

दादरकर_पूर्व

जनशताब्दी सीएसएमटीहून ५.१० ला सुटते, म्हणजे वंदे भारतच्या आधीच. ती पर्याय नाही. तेजस ५.५० ला आहे, पण आयत्या वेळी चार जागा मिळतील हे विसरा.

दोन तास उशीर म्हणजे साडेतीनला विमान, पावणेपाचला बाहेर. मग दादरच्या भानगडीत पडू नका, थेट ठाणे गाठा. गाडी ठाण्याला दादरनंतर वीसेक मिनिटांनी येते, तेवढी वीस मिनिटे जास्त मिळतात. टी२ ते ठाणे स्टेशन वीसेक किलोमीटर, पूर्व द्रुतगती मार्गाने पहाटे अर्धा-पाऊण तास. मुलुंडच्या नाक्यावर ऑक्टोबर २०२४ पासून लहान गाड्यांना टोल नाही, त्यामुळे चालकाने 'टोल अलग' म्हटले तर देऊ नका. बोर्डिंग पॉइंट दादर ठेवूनही पुढे ठाण्याला चढता येईल असे समजू नका. तुमची सीट दुसऱ्याला दिली जाऊ शकते. तेव्हा विमान दुबईतूनच उशिरा सुटले असे कळले की तिकिटावर काय बदलता येते ते लगेच बघायचे, मुंबईत उतरेपर्यंत थांबायचे नाही. चार्टची वेळ उलटून गेली तर फोनवरून टीटीईशी बोलणे होत नाही, गाडीत चढलेल्यानेच बोलावे लागते.

पुणेरी_प्रवासी

थोडे अवांतर, पण याच धाग्यात विचारतो. टी२ वरून पुण्याला एसटीने जायचे तर मेट्रोने दादरला उतरून शिवनेरी पकडता येईल ना?

ठाणे_स्लो

येईल, पण मेट्रो ३ चे दादर पश्चिमेला, सेनाभवनाच्या बाजूला आहे आणि शिवनेरी सुटते पूर्वेला, दादर टीटी चौकाजवळच्या एशियाड स्टँडवरून. मध्ये अख्खे दादर. रानडे रोडवरून स्टेशनपर्यंत दहा-बारा मिनिटे, मग पूल, मग पूर्वेला पुन्हा चालणे. पाठीवरच्या पिशवीला चालेल. चाकाची बॅग असेल तर मेट्रोतून वर येऊन टॅक्सी करा, मीटरने सत्तरच्या आत पोचता. दिवाळीच्या आठवड्यात रानडे रोडवर कंदील-पणत्यांच्या गर्दीतून बॅग ओढायचा विचारही नको.

त्यापेक्षा दुपारचे विमान असेल तर सीएसएमटी. डेक्कन क्वीन ५.१० ला, सिंहगड ५.५० ला. विमान तीनच्या आत टेकत असेल तरच सिंहगड धरा. आरक्षण आधी केलेले हवे.

सातारा-कोल्हापूर-कोकणच्या एसटीसाठी मुंबई सेंट्रल आगार सोयीचे. मेट्रोवर ते नाव शोधू नका, सापडणार नाही. स्टेशनचे नाव जगन्नाथ शंकर शेठ मेट्रो आहे. सूचना चालू असताना लोक 'मुंबई सेंट्रल कधी येणार' विचारत ग्रँट रोडपर्यंत जातात.

सातवा_डबा

आई-बाबांच्या परतीचे तिकीट कधीचे आहे? रविवार असेल तर आताच सांगा.

वऱ्हाडी_पाहुणा

रविवारच आहे. दुपारी ३.२० चे विमान, टी२.

सातवा_डबा

मग मेगाब्लॉक, म्हणजे रुळांच्या कामासाठी काही मार्ग बंद. मध्य रेल्वेवर बहुतेक रविवारी सकाळी साडेदहा-अकरापासून दुपारी साडेतीन-चारपर्यंत एखाद्या पट्ट्यात असतो. कुठे आहे ते शुक्रवार-शनिवारच्या पेपरात येते. ठाणे-कल्याण पट्ट्यात असला तर फास्ट गाड्या स्लोच्या रुळांवर आणि सगळ्याच गाड्या पंधरा-वीस मिनिटे मागे.

३.२० चे विमान म्हणजे दीडपर्यंत टर्मिनलच्या दारात. डोंबिवलीहून दहा-सव्वादहाची, ब्लॉक सुरू होण्याआधीची गाडी घ्या. रविवारी सकाळी गर्दी शुक्रवारसारखी नसते, त्यामुळे या वेळी घाटकोपरचाच रस्ता बरोबर आहे: घाटकोपरला उतरायचे, मेट्रो १ ने मरोळ नाका, तिथून कफ परेडच्या दिशेने एक स्टेशन. घाटकोपरच्या फलाटावरून वर जायला सरकता जिना आणि लिफ्ट दोन्ही आहेत, पण ते प्रत्येक पुलाला नाहीत. म्हणून गाडीतून उतरल्यावर लोंढ्याबरोबर जवळच्या जिन्याकडे न जाता फलाट रिकामा होऊ द्यायचा आणि 'मेट्रो'ची पाटी बघून निघायचे. आईंना दोन मिनिटे बाकावर बसवा, बाबांनी पाटी शोधावी.

संत्र्यांची पेटी तोपर्यंत संपलेली असेल. तिच्या जागी डोंबिवलीकर काय बांधून देतील ते मात्र आधी वजन करून घ्या.